फ्रेटलेस बेसवर कुठल्या खुणा हव्यात? नवख्यांसाठी पायरी-पायरीने

फ्रेटलेस बेस म्हणजे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या मानेवरच्या) सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसलेली बेस गिटार. तो पहिल्यांदा हातात घेतला की डोळे आधी फ्रेट शोधतात. ते सापडत नाहीत म्हणून खुणांकडे वळतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एखाद्या बेसवर फ्रेटच्या जागी पांढऱ्या रेघा असतात. दुसऱ्यावर नुसतं काळंभोर लाकूड आणि कडेला चार-सहा ठिपके. तिसऱ्यावर दोन्ही. बेस घेताना बहुतेक जण दिसण्यावर जातात. मी म्हणेन, दिसणं सगळ्यात शेवटी बघा. खूण वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, समोर बसलेल्यांसाठी नव्हे. बेस गळ्यात अडकवून उभं राहिल्यावर, मान फारशी न वाकवता, सुराची नेमकी जागा मला दिसते का? हा प्रश्न धरून ठेवला की बाकीचे पर्याय भराभर सुटतात.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. ‘रेघा म्हणजे कुबड्या, खरा वाजवणारा रेघांशिवाय वाजवतो’ हे तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवणारच. फ्रेटलेस बेसचं नाव घरोघरी नेणारा जॅको पास्टोरियस १९६२ चा फेंडर जॅझ बेस वाजवायचा. त्यावरचे फ्रेट काढून भेगा भरलेल्या होत्या, वरून बोटींना लावतात तसलं इपॉक्सी (कडक होणारी राळ) चढवलेलं होतं, आणि भरलेल्या भेगांच्या रेघा स्पष्ट दिसायच्या. सूर डोळ्यांनी लागत नाही हे खरं, पण म्हणून डोळे बांधून शिकायला हवं असं नाही.

याला उत्तर म्हणून व्हायोलिन आणि डबल बेसचं उदाहरण दिलं जातं, की त्यांवर कुठे खुणा असतात? नसतात, पण तिथे हाताला दुसरे आधार असतात. डबल बेस अंगाला टेकून उभा असतो, आणि नेक जिथे धडाला मिळते तो भाग अंगठ्याला लागला की हात कुठे आहे ते कळतं. बेस गिटार पट्ट्यावर लटकते, हलते, बसल्यावर एका कोनात आणि उभं राहिल्यावर दुसऱ्याच कोनात येते. नेक धडाला मिळते ती जागा इतकी वर असते की खालच्या सुरांना तिचा काही उपयोग नाही. म्हणून या वाद्याला खुणांची गरज जरा जास्त आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

पायरी १: ठिपका नेमका कुठे आहे ते तपासा

ही पायरी कुणीही गाळू नये. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र करा.

फ्रेट असलेल्या बेसवर ठिपका दोन फ्रेटच्या मधोमध असतो. तिथे बोट फ्रेटच्या थोडं मागे दाबायचं, सूर फ्रेट ठरवतो. ठिपका फक्त सांगतो, की हे तिसरं घर. फ्रेटलेसवर फ्रेट जिथे असता बरोबर तिथेच बोट पडावं लागतं, घराच्या मधे नव्हे. त्यामुळे बिनरेघांच्या बऱ्याच बेसवर कडेचे ठिपके सरकवून थेट सुराच्या जागी बसवलेले असतात. पण सगळ्यांवर नाही. रेघा असलेल्या कितीतरी बेसवर ठिपके जुन्या पद्धतीने दोन रेघांच्या मधेच असतात. फ्रेट काढून फ्रेटलेस केलेल्या बेसवर तर ते हमखास मधेच सापडतात.

माझा पहिला फ्रेटलेस असाच होता. आधीच्या मालकाने फ्रेट काढून भेगा गडद लाकडाने भरल्या होत्या, रेघ कुठेच दिसत नव्हती. कडेचे ठिपके मूळचेच राहिले होते. मी ए तारेवर (जाडीकडून बारीककडे बेसच्या चार तारा: ई, ए, डी, जी) पहिल्या ठिपक्यासमोर बोट ठेवायचो आणि समजायचो की सी वाजतोय. तालमीत गायिका दोनदा थांबली, कीबोर्डवाल्याने आपलं वाद्य ट्रान्सपोज झालंय (पट्टी बदललीय) का ते तपासलं. शेवटी मी ट्यूनर लावला तेव्हा काटा बी आणि सी यांच्या बरोबर मधे उभा राहिला. त्या ठिपक्याने मला प्रत्येक सुरात अर्धा सेमिटोन (सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन फ्रेटमधलं सुराचं अंतर) खाली नेलं होतं आणि मी आठवडाभर माझ्या कानांना दोष देत होतो.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. डी किंवा जी तारेला बाराव्या जागी (बारावा फ्रेट असता तिथे) बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि तार छेडा. घंटेसारखा स्वच्छ हार्मोनिक जिथे वाजतो ती तारेची बरोबर अर्धी लांबी. बाराव्याचे दोन ठिपके बोटाच्या थेट खाली असतील तर तुमचे ठिपके सुराच्या जागी आहेत. ते नटच्या (नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला साधारण १३ मिलिमीटर सरकलेले दिसले तर ते घराच्या मधे आहेत. मग त्यांच्याकडे फक्त ‘कितवं घर’ एवढ्यापुरतं बघायचं, सुराची जागा दुसरीकडे शोधायची.

पायरी २: उभे राहा आणि बघा

बेस मांडीवर आडवा ठेवून, फिंगरबोर्ड (नेकवरची, बोटं पडतात ती लाकडी पाटी) स्वतःकडे वळवून पाहिलं की सगळ्याच रेघा सुंदर दिसतात. वाजवताना तसं काही दिसत नाही. पट्टा अडकवा, आरशासमोर नव्हे, साधे उभे राहा आणि खाली बघा. फिंगरबोर्डचा दर्शनी भाग जवळजवळ दिसेनासा होतो, डोळ्यांसमोर येते ती वरची कड. म्हणूनच माझ्या मते कडेच्या खुणा पहिल्या आणि रेघा दुसऱ्या. रेघा बघता याव्यात म्हणून बेस स्वतःकडे झुकवायची सवय लागली तर डावं मनगट मुडपतं आणि तासाभराने दुखायला लागतं.

मग रेघांचा उपयोग कुठे? जी तारेवर. कडेचा ठिपका ई तारेच्या लगत असतो, तिथे चूक कमी होते. जी तार त्याच्यापासून तीन-चार सेंटिमीटर किंवा जास्तच पलीकडे असते. त्यात तुमचे डोळे बाराव्या जागेच्या आसपास वर असतात, आणि पहिल्या-दुसऱ्या जागेकडे ते तिरके बघतात. ठिपक्यापासून जी तारेपर्यंत काटकोनात एक काल्पनिक रेघ मनात ओढावी लागते, आणि तिरक्या नजरेने ती रेघ घसरते. खरीखुरी रेघ असली की ही अडचण उरत नाही. दोन-तीन तारांवर एकदम सूर धरायचे असतील तर फरक आणखी जाणवतो.

उभ्याने एक प्रयोग करा. डोळे मिटा, जी तारेवर पहिल्या ठिपक्याच्या सुराच्या जागी बोट ठेवा, डोळे उघडून जागा सुधारा आणि मग ट्यूनर बघा. दहा वेळा करा. डोळ्यांनी सुधारल्यावरही काटा एकाच बाजूला पडत असेल तर तुम्हाला रेघांचा फायदा होणार.

पायरी ३: रेघांचा प्रकार ठरवा

पूर्ण रेघा म्हणजे फिंगरबोर्डच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बहुधा गडद लाकडात मेपलच्या किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या. फ्रेटच्या बेसवरून येणाऱ्याला, त्यातही ज्याला लगेच बँडमध्ये वाजवायचंय त्याला, मी हाच प्रकार सुचवतो. घेताना एक गोष्ट बघा: रेघेचं टोक कडेवर दिसतं का? दिसत असेल तर कडेला आपोआप प्रत्येक सेमिटोनची खूण मिळाली, मग ठिपके घराच्या मधे असले तरी फारसं बिघडत नाही. बाइंडिंगमुळे (कडेला चिकटवलेल्या पट्टीमुळे) रेघ कडेच्या आत थांबली असेल तर ठिपके सुराच्या जागीच हवेत.

काही बेसवर अर्ध्या रेघा असतात, वरच्या कडेपासून दोन तारांपर्यंत येऊन थांबणाऱ्या. बोर्ड मोकळा दिसतो आणि वाजवणाऱ्याला टोकं मिळतात. पण आत्ताच सांगितलं तसं, खरी अडचण जी तारेवर असते आणि तिथेच त्या पोचत नाहीत.

गडद लाकडात गडद पट्ट्या बसवून केलेल्या पुसट रेघाही मिळतात. उजेडात, जवळून दिसतात, मंचावरच्या कमी प्रकाशात नाहीत. घरी आणि स्टुडिओत वाजवणाऱ्याला त्या छान.

अजिबात रेघा नसलेला बोर्ड फक्त हौसेसाठी घेऊ नका. डबल बेस, चेलो, व्हायोलिन, सरोद यांपैकी काही हाताखालून गेलं असेल तर तुमच्या कानाला आणि हाताला जागा शोधायची सवय आहे, खुशाल घ्या. नसेल तर घ्यायला हरकत नाही, पण कडेचे ठिपके सुराच्या जागी आहेत याची खात्री करूनच.

पायरी ४: कडेला किती आणि कसल्या खुणा

नेहमीचे ठिपके ३, ५, ७, ९, १२ आणि पुढे १५, १७, १९ असे असतात. फ्रेटलेसवर मला ते कमी पडतात, दोन ठिकाणी.

एक, अगदी खाली. ३४ इंची स्केलच्या बेसवर (स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत, धडावर तारा टेकतात तिथपर्यंत, तारेची लांबी) नटपासून पहिल्या सुराची जागा साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटरवर आणि पहिला ठिपका १३७ मिलिमीटरवर. मधल्या एवढ्या पट्ट्यात डोळ्याला काहीच आधार नाही, आणि एफ, बी फ्लॅट हे रोज लागणारे सूर तिथेच आहेत. पहिल्या जागी एक जादा बारीक ठिपका असला की खूप सोपं जातं.

दोन, बाराव्याच्या वर. तिथे सेमिटोनचं अंतर २४ मिलिमीटरवर येतं आणि सतराव्यापाशी जेमतेम १८ उरतं. बोटाचं टोक साधारण १५ मिलिमीटर रुंद. पहिल्या जागी बोटभर सरकलात तर सुमारे ३० सेंटचा फरक पडतो (एका सेमिटोनचे १०० सेंट), बाराव्यापाशी तेवढंच सरकलात तर ६० सेंटचा. वरच्या सप्तकात सोलो वाजवायची इच्छा असेल तर तिथे प्रत्येक सेमिटोनला कडेवर खूण हवी.

रंगाचाही विचार करा. गडद कडेवर पांढरा ठिपका, फिक्या कडेवर काळा. पांढऱ्या बाइंडिंगवरचा लाल ठिपका दिवसा सुरेख दिसतो आणि मंचावर लाल दिवा पडला की विरघळून जातो. अंधारात चमकणारे ठिपकेही बसवून मिळतात. वाजवण्याआधी त्यांवर थोडा वेळ उजेड पाडावा लागतो.

पायरी ५: आधी तात्पुरत्या खुणा लावून बघा

लाकडाला हत्यार लावण्याआधी तीन आठवडे तात्पुरत्या खुणांवर काढा. गडद कडेवर पांढरी पेन्सिल चालते, किंवा सहज निघणाऱ्या कागदी टेपच्या एक-दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून कडेवर लावा. फिंगरबोर्डच्या तोंडावर, तारांखाली टेप लावू नका. तार त्यावर खरखरते आणि डिंक लाकडात राहतो. मार्करची शाई तर कच्च्या लाकडात मुरते, ती निघत नाही.

मोजताना प्रत्येक वेळी नटच्या फिंगरबोर्डकडच्या कडेपासूनच मोजा. एका खुणेपासून दुसरी असं मोजत गेलात तर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत जातात आणि बाराव्यापाशी पोचेपर्यंत सूर हललेला असतो. ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर स्केलच्या बेससाठी नटपासूनची अंतरं अशी, सगळी मिलिमीटरमध्ये:

पहिली ४८.५
दुसरी ९४.२
तिसरी १३७.४
चौथी १७८.२
पाचवी २१६.६
सातवी २८७.२
नववी ३५०.१
बारावी ४३१.८

बाकीच्या जागा काढायच्या असतील तर कृती सोपी आहे. शेवटच्या खुणेपासून ब्रिजपर्यंत उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, येईल तेवढं अंतर पुढच्या सेमिटोनचं. हा हिशेब कागदावर पूर्ण करा, बेरजा करून घ्या, आणि मोजपट्टी मात्र नटलाच टेकवा. स्केल ३० इंच असेल तर वरच्या आकड्यांना ०.८८२ ने गुणा.

या तीन आठवड्यांत स्वतःकडे नीट लक्ष ठेवा. कुठल्या पट्टीकडे नजर सारखी जाते? कुठलीकडे कधीच जात नाही? मला वाटायचं की नववी खूण महत्त्वाची. प्रत्यक्षात मी तिच्याकडे पाहतच नव्हतो. पाचवी आणि सातवी एवढ्यावर माझा हात चालायचा, आणि पहिलीची गरज मात्र दर गाण्यात लागायची.

पायरी ६: खुणांवर विश्वास ठेवण्याआधी ब्रिज जुळवा

रेघ अचूक असूनही सूर चुकतो, याचं सगळ्यात मोठं कारण ब्रिजचं सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो सरकता तुकडा. तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. ती भरपाई सॅडल पुढे-मागे करून केलेली असते. फ्रेटलेसवर ती जुळणी केली नाही तर रेघा खोटं बोलतात, आणि प्रत्येक तारेवर वेगळं खोटं बोलतात.

तार सुरात लावा, बाराव्या जागी हार्मोनिक वाजवा आणि ट्यूनर बघा. मग त्याच रेघेवर तार दाबून वाजवा. बोट जाडसर असतं, त्यामुळे या कामापुरती एखाद्या प्लॅस्टिक कार्डाची कड रेघेवर धरून तार दाबा. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा लागला तर सॅडल मागे, नेकपासून लांब न्या. उतरता लागला तर पुढे आणा. दर वेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावून मगच तपासा. तारांची जाडी किंवा प्रकार बदलला, उंची बदलली, तर हे सगळं पुन्हा.

नंतर तेच बोटाने करा. बोटाचं टोक रेघेवर येतं तेव्हा रेघ त्याखाली झाकली जाते, आणि बोटाच्या मांसल भागाची कुठली बाजू तार अडवते हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ट्यूनर बघत बोट सूतभर पुढे-मागे करा आणि काटा स्थिर झाला की रेघेचा किती भाग दिसतोय ते लक्षात ठेवा. तुमच्या हातासाठी ‘रेघेवर’ या शब्दाचा अर्थ तोच.

कायमच्या खुणा करताना

जुन्या बेसचे फ्रेट काढून घेणार असाल तर भेगा मोकळ्या ठेवायच्या नाहीत, त्या भरल्याच पाहिजेत. नाहीतर नेकचा ताठपणा जातो. भरायला पातळ लाकडी व्हिनियर (लाकडाचा पापुद्रा) उत्तम. रंग तिथेच ठरवा: गडद बोर्डात फिकं व्हिनियर घातलं की रेघा मिळाल्या, गडद घातलं की गेल्या. मी फिकंच घालायला सांगेन, कारण कानाला सवय झाली की रेघांकडे दुर्लक्ष करता येतं, पण नसलेल्या रेघा नंतर आणता येत नाहीत. हे काम अनुभवी कारागिराकडे द्या. फ्रेट गेले की तारांची उंची आणि नटच्या खाचाही खाली आणाव्या लागतात, बोर्ड सपाट घासावा लागतो. त्याच फेरीत कडेचे ठिपके सुराच्या जागी बसवून घ्या, आणि जुने ठिपके बुजवायला सांगा. दोन्ही राहिले तर अंधारात चुकीचाच दिसतो.

तयार बेस घेताना रेघांवरून नख फिरवा. लाकूड आणि प्लॅस्टिक सारखं आकसत नाही. कोरड्या हवेत लाकूड आकसलं की पट्टीचं टोक कडेला खडबडीत लागतं, आणि पट्टी बोर्डच्या वर आली असेल तर तिथे तार खरखरते. राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खडबडीत) तारा लाकडाला चर पाडतात, रेघांनाही. फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांनी बोर्ड जास्त टिकतो. वरून इपॉक्सीचा कडक थर असेल तर राउंडवाउंड लावायला हरकत नाही.

खुणा कानाशी जोडा

ए तार मोकळी वाजत ठेवा, किंवा ट्यूनर ॲपमधून ए चा सलग सूर लावा. डी तारेवर दुसऱ्या जागी ई, म्हणजे पंचम. आधी बघून बोट ठेवा, मग ऐका. दोन सुरांमधली थरथर मंदावत जाऊन थांबते ती तुमची जागा. मग बघणं बंद करून तेच करा आणि शेवटी डोळे उघडून रेघ तपासा. क्रम एवढाच: बघा, ऐका, मिटा, तपासा.

गंधाराला मात्र रेघ सोडावी लागते, आणि फ्रेटलेसचा आनंद मला इथेच सगळ्यात जास्त वाटतो. रेघा समान बारा भागांच्या हिशेबाने आखलेल्या असतात. त्या हिशेबात शुद्ध गंधार कानाला गोड लागतो त्यापेक्षा १४ सेंट चढा असतो. ए तारेवर चौथ्या जागी सी शार्प धरा आणि ए च्या सलग सुरावर ऐका, त्यात एक बारीक खरखर आहे. आता बोट नटकडे साडेपाच मिलिमीटर सरकवा. खरखर विरते, दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार तो हाच. सोबत कीबोर्ड असेल तर रेघेवरच राहा, कारण कीबोर्डचा गंधारही तिथेच आहे. एकट्याने किंवा गळ्याबरोबर वाजवत असाल तर कान सांगेल तिकडे जा.

काही महिन्यांनी तात्पुरत्या पट्ट्या कमी कराव्याशा वाटतील. एकदम काढू नका. आधी नववीची काढा, आठवडाभर वाजवा, मग तिसरीची. पहिली आणि बारावी राहू द्या, आणि बाराव्याच्या वरच्या तर सगळ्यात शेवटी काढा.